पालन आणि पाळत

मराठीत 'पालन' आणि 'पाळत' हे दोन शब्द कानाला सख्ख्या भावंडांसारखे वाटतात. ज्याचे पालन करायचे त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते आणि ज्याच्यावर पाळत ठेवायची त्याच्यावरही लक्षच ठेवले जाते. तरीही शेळ्या राखणारा गुराखी आणि कुंपणाआडून डोकावणारा परका मनुष्य यांतील फरक लहान मुलालाही कळतो. आज आपल्या घरांत मोबाईल, कॅमेरे आणि हाक मारताच उत्तर देणारी यंत्रे आली आहेत आणि हा फरक नेमका घरातच पुसट होत चालला आहे. म्हणून, वाचकहो, येथे आपण एकाच प्रश्नाचा विचार करू: आपल्याच माणसांवर लक्ष ठेवणारे साधन घरात आणणे कोणत्या मर्यादेपर्यंत आपले कर्तव्य आहे आणि कोणत्या मर्यादेपलीकडे तो अपराध होतो?

हा प्रश्न पुस्तकी नाही. जुम्ह्याच्या नमाजनंतर इमामाकडे येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप गेल्या काही वर्षांत बदलले आहे. वजू, जकात, वारसाहक्क यांविषयी लोक आजही विचारतातच. पण आता एखादी माता निरोप पाठवून विचारते की, नववीत शिकणाऱ्या मुलीच्या मोबाईलमधील सर्व संदेश तिच्या नकळत आपल्याला दिसतील असे ॲप घालावे काय. एखादा भाऊ कुवेतहून विचारतो की, गावाकडील घरात कॅमेरा बसवण्यास शरिअतची काही हरकत आहे काय. विचारणारे दोघेही वाईट हेतूचे नाहीत. दोघांच्या मनात भीती आहे आणि त्या भीतीच्या मुळाशी माया आहे. "हराम" असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. "तुमचे घर, तुमचा अधिकार" असे म्हणणे त्याहूनही सोपे आहे. पण या दोन्ही उत्तरांनी विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आणि होऊही नये.

आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण त्याविषयीचे मार्गदर्शन आश्चर्य वाटावे इतके स्पष्ट आहे. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील आपल्या वस्त्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आखाती देशांत राबत आली आहेत. घराशी धागा जोडून ठेवण्याची त्यांची साधने बदलत गेली. आधी पत्रे होती, मग आवाज भरलेल्या कॅसेट आल्या, मग महागडे फोन आणि आता व्हिडिओ कॉल. या सर्व साधनांत घरचे माणूस स्वतः बोलत असे. काय सांगायचे, काय मनात ठेवायचे हे त्याच्या हाती होते. कॅमेऱ्याला कोणी काही सांगावे लागत नाही. तो परस्पर पाहून घेतो.

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांची एक रिवायत आहे. प्रवासाहून परतणाऱ्या पुरुषाने घरच्यांच्या प्रामाणिकपणावर संशय घेऊन किंवा त्यांच्या चुका हुडकण्यासाठी रात्री अवचित घरी येऊ नये, अशी मनाई प्रेषित मुहम्मद (स.) यांनी केली. इतर रिवायतींत आणखी एक कोमल कारण येते: घरच्या स्त्रीला केस विंचरून, नीटनेटके होऊन पतीचे स्वागत करण्यास अवधी मिळावा. आता विचार करा. घर त्या पुरुषाचे आहे, पत्नी त्याची आहे, दार ठोठावण्याचा हक्क त्याचाच आहे. तरीही त्याला थांबवण्यात आले. हजार मैलांवरून एका बोटाच्या स्पर्शाने स्वयंपाकघरात डोकावणारा पती हा दिवसातून शंभर वेळा अवचित घरी येणारा प्रवासी आहे, असे मला वाटते. त्याच्या मनात संशय नसेलही. पण पत्नीला ते कसे कळावे? कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहून हेतू कळत नाही.

याचा अर्थ कॅमेरा बसवूच नये असा होत नाही. वाडीच्या टोकाला घर असेल, घरात वृद्ध आई एकटी असेल, तर अंगणाकडे आणि फाटकाकडे तोंड केलेला कॅमेरा हा रखवालदारच आहे. म्हणून कुवेतच्या भावाला मी एवढेच विचारले की, कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे असेल? बाहेर असेल तर तो घरच्यांच्या वतीने बाहेरच्यांना पाहतो. आत असेल तर बाहेरच्याच्या वतीने घरच्यांना पाहतो. आजारी आईच्या खाटेजवळ आत कॅमेरा लावण्याची गरज पडली, तर आईची संमती घ्यावी, ती कपडे बदलताना काचेवर झाकण येईल अशी व्यवस्था करावी आणि तो कोण कोण पाहू शकतो हे तिला नावानिशी सांगावे. सूनबाईलाही सांगावे. घरातील कॅमेऱ्याचा पासवर्ड फक्त पुरुषांकडे आहे आणि ज्या स्त्रिया त्यात दिसतात त्यांना तो ठाऊकच नाही, ही स्थिती मी अनेक घरांत पाहिली आहे. ती न्यायाची नाही.

आणखी एका व्यक्तीचा हक्क आपण विसरतो. शेजारची स्त्री आपल्या घरी येते, आत केवळ बायका आहेत या विश्वासाने बुरखा उतरवते, मोकळेपणी बसते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील कॅमेऱ्याने तिचे चित्र एखाद्या नामहरम पुरुषाच्या मोबाईलवर पोहोचवले, तर त्याचा जाब कोण देणार? चित्र केवळ आपल्या मोबाईलवर येते असेही नाही. पुष्कळसे कॅमेरे आपले चित्रण कंपनीच्या दूरच्या संगणकात साठवतात. 'रिंग' या ॲमेझॉनच्या मालकीच्या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये कारवाई केली. कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने ग्राहक स्त्रियांच्या खासगी खोल्यांतील हजारो चित्रफिती पाहिल्या होत्या, असा त्या कारवाईतील आरोप होता. कंपनीने ५८ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. रक्कम भरली गेली. त्या स्त्रियांनी जे गमावले ते कोणत्या खात्यात जमा होणार?

म्हणून कॅमेरा घेताना दुकानदाराला किमतीच्या आधी काही गोष्टी विचाराव्यात. चित्रण कॅमेऱ्यातील मेमरी कार्डवर राहते की कंपनीकडे जाते? कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलता येतो काय? भारत सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी ठरवलेल्या सुरक्षा चाचण्या २०२५ पासून लागू झाल्या आहेत; त्या चाचणीचे प्रमाणपत्र या मालाला आहे काय? दुकानदाराला उत्तर देता येत नसेल तर पाचशे रुपये वाचवण्यासाठी तो कॅमेरा घेऊ नये.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे वळू. तो अधिक कठीण आहे.

अपत्यांविषयी आई-वडिलांवर जबाबदारी आहे, याबद्दल दुमत नाही. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपल्यापैकी बहुतेकांना ती पाठ असते. दुसरीकडे दिव्य कुरआनच्या सूरह हुजुरातमधील बारावी आयत तजस्सुसला, म्हणजे इतरांच्या लपलेल्या गोष्टी हुडकण्याला, स्पष्ट मनाई करते; आणि त्याच आयतीत त्याआधी दुष्ट संशयापासून दूर राहण्याची आज्ञा आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. संशय आधी येतो, हेरगिरी त्याच्या मागून चालते. पण मग मूल 'इतर' आहे काय? बारा वर्षांच्या मुलाचे दप्तर तपासणारी आई हेर ठरते काय?

मला वाटते, याचे उत्तर सूरह नूरमध्ये आहे आणि आपण त्याकडे पुरेसे लक्ष देत नाही. तेथील अठ्ठावन्नावी आयत लहान मुलांनाही दिवसातील तीन वेळा मोठ्यांच्या खोलीत परवानगीवाचून येऊ नये असे सांगते: फजरपूर्वी, दुपारी वस्त्रे सैल करण्याच्या वेळी आणि इशानंतर. पुढची आयत सांगते की, तीच मुले वयात आली की त्यांनी मोठ्यांप्रमाणे प्रत्येक वेळी परवानगी घ्यावी. म्हणजे खासगीपणाचा नियम वयानुसार टप्प्याटप्प्याने वाढत जातो. अबू दाऊदमधील हदीसनुसार सातव्या वर्षी मुलांना नमाजची आज्ञा करावी आणि दहाव्या वर्षी त्यांचे बिछाने वेगळे करावेत. बिछाना वेगळा करणे म्हणजे मुलाला त्याची स्वतःची थोडी जागा आहे हे मान्य करणे होय. इमाम मालिक (रह.) यांच्या 'मुवत्ता'त तर एका मनुष्याने स्वतःच्या आईच्या खोलीत जाताना परवानगी घ्यावी काय असे विचारल्याचे आणि प्रेषितांनी (स.) "होय" असे उत्तर दिल्याचे आले आहे. ज्या दीनने आई आणि मुलगा यांच्या मध्येही दार ठेवले, त्याचे अनुयायी मुलीच्या संदेशांत दाराशिवाय शिरू शकतात काय?

'दाराशिवाय' हा शब्द मी हेतूने वापरतो. इमाम गझाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये नोंदवलेला हजरत उमर (रजि.) यांचा प्रसंग आपण ऐकला असेल. रात्रीच्या गस्तीत त्यांना एका घरातून आवाज आला. भिंत चढून ते आत उतरले आणि घरमालक गैरकृत्य करताना सापडला. त्या मनुष्याने खलीफांना सांगितले की, माझ्याकडून एक अवज्ञा झाली असेल, पण आपल्याकडून तीन झाल्या: आपण हेरगिरी केली, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगीवाचून, सलामवाचून आत शिरलात. हजरत उमर (रजि.) यांनी ते मान्य केले आणि सुधारण्याचे वचन घेऊन त्याला सोडून दिले. तो मनुष्य प्रौढ होता आणि खलीफांच्या कळपातील मूल नव्हता, हे खरे. म्हणून हा प्रसंग मातेला जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यातील एक गोष्ट लागू होते: दारातून येणाऱ्याला लोक राखणदार म्हणतात, भिंतीवरून येणाऱ्याला तसे कोणी म्हणत नाही.

मोबाईलमध्ये दार कोणते आणि भिंत कोणती, हे ओळखणे कठीण नाही. गूगलचे फॅमिली लिंक किंवा आयफोनमधील स्क्रीन टाइम यांसारख्या सोयी मुलाचा फोन समोर ठेवून सुरू करायच्या असतात. कोणते ॲप बंद आहे, किती तास मिळाले आहेत, हे मुलालाही दिसते. त्याला ते आवडणार नाही. पण ते त्याला ठाऊक असते. हे दार. याउलट गुप्त ॲप फोनचे संरक्षण बंद करून घातले जातात, आपले चिन्ह लपवतात आणि मुलीचे संदेश, छायाचित्रे, ठावठिकाणा आधी एका परक्या कंपनीकडे नेतात, मग आईला दाखवतात. ही भिंत. आणि या भिंतीत आईला दिसत नाही असे एक भगदाड असते. 'स्पायफोन' नावाच्या अशाच ॲपच्या कंपनीला अमेरिकेच्या त्याच फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये पाळतीच्या धंद्यातूनच बाहेर काढले. त्याआधी २०१८ मध्ये त्या कंपनीच्या संगणकातून सुमारे २,२०० लोकांची माहिती चोरीस गेली होती. मुलीला परक्या नजरेपासून वाचवण्यासाठी आईने केलेला खर्च तिला अधिक परक्या नजरांपुढे ठेवतो.

यावर ती माता जे म्हणाली ते सांगितलेच पाहिजे, कारण तिचा मुद्दा वजनदार आहे. ती म्हणाली, "मौलाना, दार ठोठावेपर्यंत घर जळून गेले तर?" एखादा अनोळखी मनुष्य मुलीला फशी पाडत असेल, छायाचित्रांच्या धमकीने पैसे मागत असेल, तर आईने शिष्टाचार पाळत बसावे काय?

बसू नये. आपल्या फुकहांनी या अवस्थेचा विचार केला आहे. इमाम मावर्दी (रह.) 'अल्-अहकामुस्सुलतानिया'मध्ये मुहतसिबला तजस्सुसची सर्वसाधारण मनाई सांगतात आणि मग अपवाद करतात: विश्वासू व्यक्तीकडून खबर मिळाली असेल आणि जे नुकसान होईल ते पुन्हा भरून न येणारे असेल, जसे एखाद्याचा जीव जाणे किंवा अब्रू लुटली जाणे, तर शोध घेणे जायज आहे. या अपवादाच्या दोन्ही अटी ध्यानात घ्या. ठोस खबर आणि भरून न येणारी हानी. मूल एकाएकी जेवण सोडते, रात्री रडते, फोन वाजला की दचकते, कोणाला तरी पैसे पाठवण्यासाठी घरातून पैसे उचलते. ही खबर आहे. अशा वेळी आईने मुलीसमोर बसून फोन मागावा, आणि गरज पडली तर तिच्या नकाराविरुद्धही घ्यावा. पण तिच्या डोळ्यांदेखत. "सगळ्याच मुली बिघडल्या आहेत" ही मात्र खबर नव्हे. तो संशय आहे, आणि संशयाविषयी आयत आपण वर पाहिली.

तशी वेळ आलीच तर मुलीवर ओरडण्यापूर्वी एवढे करावे: संदेश पुसू नयेत, धमकी देणाऱ्याला पैसे पाठवू नयेत, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. मूल संकटात असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे. "लोक काय म्हणतील" या भीतीने जी घरे गप्प बसतात, त्यांच्या त्या गप्प बसण्यावरच धमकी देणाऱ्याचा धंदा चालतो.

आता फोन द्यावा केव्हा, हा प्रश्न उरतो. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे. काही बंधू म्हणतात की, शरिअतमध्ये बालिग झालेल्यावर सर्व जबाबदारी येते, मग अठराचा आकडा कशाला? त्यांनी सूरह निसाची सहावी आयत वाचावी. अनाथाची मालमत्ता त्याच्या हाती देण्यासाठी केवळ वय पुरेसे नाही. आधी त्याला आजमावावे आणि त्याच्यात रुश्द, म्हणजे समजूतदारपणा, दिसला की मग द्यावी, असा तिचा आशय आहे. भाष्यकारांनी आजमावण्याची रीतही सांगितली आहे: थोडी रक्कम देऊन व्यवहार करायला लावावे आणि पाहावे. हजार रुपयांसाठी जर एवढी खबरदारी, तर ज्या वस्तूतून सारे जग मुलाच्या उशाशी येते तिच्यासाठी किती? आधी घराचा सामायिक फोन, मग शाळेच्या वाटेवर केवळ बोलण्यापुरता बटणांचा फोन, मग स्वतःचा स्मार्टफोन पण रात्री दिवाणखान्यात चार्जिंगला, आणि जसजसा रुश्द दिसेल तसतसे बंधन सैल. दिवाणखान्यात चार्जिंगला लावायच्या फोनांत अब्बांचाही फोन असावा, हे ओघाने आले.

त्या मातेला मी सांगितले की, ॲप घालू नका. मुलीला सांगा की आठवड्यातून एकदा आपण दोघी मिळून फोन पाहणार आहोत, आणि का पाहणार आहोत. तिने लगेच विचारले, "आणि ती नको म्हणाली तर?" तर स्मार्टफोन परत आईच्या कपाटात जाईल आणि मुलीला बटणांचा फोन मिळेल. मुलगी रुसेल. चार दिवस आईशी बोलणार नाही. पण आपल्या फोनमध्ये आई लपून बसली आहे, हे तिला कधी मैत्रिणीकडून कळणार नाही.